देवळामागचे वीरगळ कंपाउंडच्या भिंतीत जायच्या आत काय करता येईल?

माहेर_सत्तरी

नमस्कार मंडळी,

माझं माहेर गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात, म्हादईच्या खोऱ्यातल्या एका गावात. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. जुन्या कोरीव दगडांना गिऱ्हाईक असतं आणि आमच्या राईत राखणीला माणूस नाही.

देवळाच्या मागे राई सुरू होते तिथे अकरा दगड आहेत. सात वीरगळ (लढताना मेलेल्या वीरांच्या आठवणीचे कोरीव दगड), तीन सतीशिळा (सती गेलेल्या बायकांच्या आठवणीचे, हात कोरलेले), आणि एक इतका झिजलाय की काय ते ओळखता येत नाही. दोन कललेत, एक पालथा पडलाय. पावसाळ्यात तिथे छातीएवढं रान माजतं. दसऱ्याच्या आसपास कोणीतरी कोयती घेऊन जातं तेव्हाच ते परत दिसायला लागतात. आमची आजी सतीच्या हाताला अबोलीची फाती (गजरा) वाहायची. ती गेल्यापासून तेही थांबलं.

आता देवळाचा जीर्णोद्धार निघालाय. नवा सभामंडप, अंगणात पेव्हर आणि राईच्या बाजूने चिऱ्यांची कंपाउंड. ठेकेदाराने समितीला सुचवलंय की हे सगळे दगड उपटून भिंतीत एका रांगेत सिमेंटने बसवू, वर ऑइल पेंटचा हात मारू, म्हणजे शोभा येईल. जो फुटलाय तो भिंतीच्या पायात घालू. समितीतली माणसं वाईट नाहीत, हे मी आधीच सांगते. त्यांना मनापासून वाटतं की चिखलात पडलेल्या दगडांना आपण चांगली जागा देतोय. माझे चुलते समितीवर आहेत. मी विरोध केला तेव्हा ते म्हणाले, "तुला एवढी कळकळ आहे ना बाय, मग नक्की काय करायचं ते लिहून दे. नुसतं 'हात लावू नका' म्हटलं तर बैठकीत कोण ऐकणार?" त्यांचं म्हणणं मला रास्त वाटलं. चतुर्थी झाली की काम सुरू होणार आहे.

यातला एक वीरगळ मला लहानपणापासून पाठ आहे. माझ्या कमरेएवढा, करड्या-काळ्या दगडाचा. सगळ्यात खाली तीन गाई एकामागे एक, त्यांच्या पुढ्यात तो उभा, एका हातात तलवार, दुसऱ्यात गोल ढाल. पायाशी कोणी आडवा झालेला. त्याच्या वरच्या चौकटीत दोन बायका त्याला दंडाला धरून वर नेताहेत आणि त्याचे पाय अधांतरी आहेत; कोरणाऱ्याने पावलं खाली लोंबती दाखवलीत, ती बघताना मला आजही भरून येतं. सगळ्यात वर तो मांडी घालून पिंडीसमोर बसलाय, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. डावा कोपरा फुटलाय. चेहऱ्यावर पांढरं दगडफूल चढलंय. गावाची गुरं राखताना मेलेला तो कोणीतरी आमच्याच मातीतला माणूस. त्याला नाव नाही, पण जागा आहे, आणि तीही आता जायची आहे.

समितीपुढे ठेवता येईल असं काय काय करावं? हे साफ कसे करायचे? सरकारी खात्याकडे जायचं तर कोणाकडे? कृपा करून अनुभव असलेल्यांनी लिहा.


रिवणकर

ताई, तुमची घाई समजू शकतो. आमच्या बाजूला, सांगे तालुक्यात, एका देवळाजवळचा वीरगळ असाच रंगवला गेला. अंगावर रुपेरी, तलवारीला लाल. आता रंगाचे पापुद्रे निघतात आणि प्रत्येक पापुद्र्याबरोबर दगडाची कातही सुटून येते. दुसऱ्या एका ठिकाणी तर दगडच राहिला नाही, खड्डा तेवढा आहे.

माझं स्पष्ट मत: संग्रहालयाला देऊन टाका. जुन्या गोव्यात आसिझच्या संत फ्रान्सिसच्या कॉन्व्हेंटमध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचं संग्रहालय १९६४ पासून आहे, तिथे वीरगळ आणि सतीशिळा छान मांडल्यात. छप्पर आहे, पहारा आहे. राईत ठेवून चोराच्या हाती जाण्यापेक्षा ते बरं.


जुना_आरेखक

माहेर_सत्तरी यांचं लिहिणं वाचून बसवेना, म्हणून सविस्तर लिहितो. माझी नोकरी जमिनीचे नकाशे काढण्यात गेली. गोव्याच्या बहुतेक तालुक्यांत साखळी आणि टेप घेऊन हिंडलो, आणि असे दगड बांधावर, तळ्याकाठी, नदीच्या उतारापाशी, राईच्या तोंडाशी पाहिले. म्हणून संग्रहालयाच्या सूचनेशी मी सहमत नाही. जागा आणि दगड मिळून एक स्मारक होतं. तो दगड तिथेच का रोवला, त्याचं तोंड कुठल्या वाटेकडे आहे, कुठली सती कुठल्या वीराच्या शेजारी आहे, हे सगळं जमिनीवर लिहिलेलं असतं. उंचीप्रमाणे लावून भिंतीत एका रांगेत बसवलं की ते कायमचं पुसलं जातं. मग कुणीही अभ्यासक आला तरी त्याला एवढंच कळेल की या गावात कधीतरी वीरगळ होते.

दगड हलवावाच लागतो अशी वेळ येते, नाही असं नाही. साळावलीच्या धरणात कुर्डी गाव बुडायचं होतं तेव्हा तिथलं कदंब राजांच्या काळातलं महादेवाचं देऊळ उतरवून दुसरीकडे नेऊन परत उभं केलं. तिथे पाणीच येणार होतं, दुसरा इलाज नव्हता. तुमच्याकडे येतेय ती कंपाउंडची भिंत. भिंत चार-पाच मीटर अलीकडे घेता येते. समितीपुढे सगळ्यात आधी हेच मांडा: भिंतीची रेघ बदला, दगड बदलू नका. चिरे कमीच लागतील, खर्चही थोडा उतरेल. समितीला हा मुद्दा लवकर पटतो असा माझा अनुभव आहे.

सिमेंटचं आता सांगतो, कारण नुकसान खरं तिथे होतं. तुमच्या सत्तरीत, वाळपईच्या बाजूला वर्षाला साडेतीन-चार हजार मिलिमीटर पाऊस. जमिनीतला ओलावा दगडात चढतो आणि दगडाच्या अंगातूनच बाहेर पडतो. भोवती सिमेंट भरलं की ती वाट बंद होते. सिमेंट दगडापेक्षा कडक आणि दाट, त्यातून पाणी सुटत नाही. ते कोरीव बाजूने सुटतं आणि जाताना क्षार पृष्ठभागाखाली सोडून जातं. उन्हाळ्यात ते क्षार फुलतात आणि वरची कात उचलून टाकतात. तुम्ही ज्या लोंबत्या पावलांबद्दल लिहिलंय ती पहिल्यांदा जातील, कारण कोरीवकाम जिथे बारीक असतं तिथे दगड पातळ असतो. ऑइल पेंटचंही तेच, तोही दगडाचं तोंड बांधतो. शिवाय आपल्याकडचे अनेक वीरगळ मऊ दगडाचे असतात, नखाने ओरखडा उठेल इतके. तुमच्या वर्णनावरून तुमचा तसाच वाटतो. त्यावर तारेचा ब्रश, ॲसिड, ब्लीचिंग पावडर, ग्राइंडर, मोटारी धुतात ते प्रेशरचं पाणी, यातलं काहीही चालायचं नाही.

साफसफाई विचारलीत. पहिलं वर्ष करूच नका म्हणेन. रान कापा, दगडाच्या मुळाशी साचलेली पानं हाताने काढा, पाणी बाजूने निघून जाईल असा उथळ पाट खणा. पाट दगडापासून हातभर लांब. अगदी पायाशी खणलंत तर दगड आडवा होईल. दगडफूल खरवडू नका, त्याची मुळी दगडात शिरलेली असते आणि ती ओढली की कण सुटतात. एखाद्या फटीत पिंपळाचं रोप असेल तर उपटू नका, बुंध्याशी कापा, परत फुटलं की परत कापा. फारच माती चढली असेल तर साधं पाणी आणि मऊ केसांचा ब्रश, वरून खाली, आणि हात थांबवून थांबवून. दगड थोडा काळपट दिसला तर दिसू दे. त्याचं वयच तेवढं आहे.

त्याआधी नोंद. हे काम भिंतीचा पाया खणायच्या आत व्हायला हवं आणि यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. देवळाचा एक पक्का कोपरा आणि विहिरीचा कठडा असे दोन बिंदू धरा. प्रत्येक दगडापासून दोन्हीकडे टेपने अंतर मोजा. दोन अंतरं मिळाली की नकाशावर दगड बरोब्बर बसतो. तोंड कुठल्या दिशेला ते होकायंत्राने लिहा, मोबाईलमधलं चालेल. उंची, रुंदी, जाडी, किती कललाय, किती चौकटी, काय कोरलंय. नंबर दगडावर घालायचा नाही, खडूनेसुद्धा नाही. चिठ्ठी बाजूला जमिनीवर ठेवा आणि फोटोत घ्या. फोटो सकाळी ऊन तिरपं असताना, शेजारी फूटपट्टी उभी करून. राईत ऊन येत नसेल तर संध्याकाळी बाजूने टॉर्च मारा. समोरून फ्लॅश मारला तर सगळं सपाट दिसतं. दोन चौकटींच्या मधल्या आडव्या पट्ट्या नीट पाहा. लेख असला तर बहुधा तिथे असतो. गोव्याचे कदंब दहाव्या ते चौदाव्या शतकातले, त्या काळात कन्नड लिपीही चाले आणि नागरीही, तेव्हा वाचता आलं नाही म्हणून ती नक्षी समजून सोडू नका. तेल, पीठ, कोळसा चोळून अक्षरं उठवायचा मोह मात्र टाळा. ओल्या कागदाचा ठसा जाणकारांनीच घ्यायचा असतो.

कायद्याबद्दल थोडक्यात. केंद्राच्या १९५८ च्या कायद्यात प्राचीन स्मारकाच्या व्याख्येत शंभर वर्षांपूर्वीचे शिलालेख, एकसंध शिळा आणि दफनाच्या जागासुद्धा येतात. राज्याचा स्वतंत्र कायदा १९७८ चा. पण व्याख्येत बसणं वेगळं आणि संरक्षित म्हणून जाहीर होणं वेगळं. राज्याच्या यादीत पन्नासच्या आसपास स्थळं आहेत, गावोगावचे वीरगळ त्यात कुठून येणार? म्हणून अर्ज आपणच करायचा. राज्याच्या पुरातत्त्व खात्याला पत्र, सोबत नकाशा आणि फोटो, जागेचा सर्व्हे नंबर आणि एक-चौदाचा (जमिनीच्या नोंदीचा) उतारा. प्रत पंचायतीला आणि मामलेदाराला, कारण देवस्थान नोंदलेलं असेल तर मामलेदार त्याचा प्रशासक असतो. आणि पोचपावती घ्याच. १९७२ चा पुरावस्तू कायदाही समितीला वाचून दाखवा: शंभर वर्षांवरचं दगडी शिल्प म्हणजे पुरावस्तू, त्याचा धंदा परवान्याशिवाय करता येत नाही आणि ते देशाबाहेर नेता येत नाही. एखादा 'हौशी संग्राहक' गावात आलाच, तर हे माहीत असलेलं बरं.


दोनापावल_वाट

मी दोना पावलाला राहते. इथे राजभवनाच्या वाटेवर ब्रिटिशांची दफनभूमी आहे. नेपोलियनच्या काळात फ्रेंच येतील या भीतीने ब्रिटिशांनी १७९९ साली गोव्यात फौज आणून ठेवली, ती १८१३ पर्यंत राहिली. थडगी १८०८ पासूनची, शेवटचं १९१२ चं. परक्या मुलखात तापाने मेलेली तरुण पोरं, कुणाची बायको, कुणाचं तान्हं. त्यांचं रडायला इथे कोणी राहिलं नाही. अशा जागांची काळजी घेणारी एक संस्था लंडनमध्ये १९७६ साली निघाली, दक्षिण आशियातल्या युरोपियन दफनभूमींसाठी. मला त्यांची एक पद्धत फार महत्त्वाची वाटते: दुरुस्तीला पैसे असोत नसोत, थडग्यांवरची अक्षरं उतरवून घेतात आणि ती कागदपत्रं ब्रिटिश लायब्ररीत ठेवतात. दगड फुटला तरी नाव राहतं.

आणि जागा लिहून ठेवण्याचं महत्त्व बघायचं तर जुन्या गोव्यातलं संत ऑगस्टीनचं पडकं चर्च बघा. जॉर्जियाची राणी केतेवान १६२४ साली इराणात मारली गेली, ऑगस्टीनच्या पाद्र्यांनी तिचे अवशेष इथे आणले. पुढे चर्चचं छप्पर कोसळलं, सगळा ढिगारा झाला. पण जुन्या पोर्तुगीज कागदांत लिहिलेलं होतं की कुठल्या खोलीत, कुठल्या खिडकीपाशी पेटी ठेवलीय. त्या एका वर्णनावर शोध घेतला गेला, हाडं मिळाली, हैदराबादला डीएनए तपासला, आणि २०२१ मध्ये ते अवशेष जॉर्जियाच्या लोकांकडे गेले. चारशे वर्षांपूर्वी कुणी 'चर्चमध्ये आहे' एवढंच लिहून ठेवलं असतं तर? आरेखक काकांचं टेप आणि दोन बिंदू म्हणूनच मला पटतं.

आपल्या गावच्या मेलेल्यांसाठीही कोणीतरी हे करतंय याचा फार आनंद झाला. मी फोटो काढायला यायला तयार आहे. गाव जाहीर करू नका, मला खाजगी निरोप पाठवा.


डिचोलीचो_महाजन

मी आमच्या देवस्थानच्या समितीवर होतो, म्हणून समितीच्या बाजूने लिहितो. कायदा पहिल्या बैठकीत काढू नका. कायद्याची कलमं ऐकली की माणसं आखडतात, "म्हणजे आता आमच्या देवळाला आम्हीच परके?" असं होतं. नार्व्याच्या सप्तकोटेश्वराचं उदाहरण द्या. शिवाजी महाराजांनी १६६८ साली उभारलेलं देऊळ, त्याचं काम अलीकडे पुरातत्त्व खात्याने जुनं रूप सांभाळून केलं, २०२३ मध्ये ते परत खुलं झालं. ते बघून आलेल्या माणसाला जीर्णोद्धार म्हणजे सगळं पाडून नवं बांधणं नव्हे, हे वेगळं समजवावं लागत नाही. चुलत्यांना आणि दोन-तीन गावकरांना घेऊन एकदा नार्व्याला जा.

दुसरं, तुमच्या गावात देवाचा प्रसाद घ्यायची पद्धत असेलच. राईतलं काहीही हलवायच्या आधी मूर्तीला पाकळ्या लावून, कुठली पडते त्यावरून देवाचा कौल घ्यावा, असं समितीतल्याच एखाद्या वडीलधाऱ्याला बोलायला सांगा. ही पळवाट म्हणून सांगत नाही. राई देवाची, तिथले दगड कोणाच्या तरी पूर्वजांचे, विचारल्याशिवाय उपटायचे नसतात ही आपलीच रीत आहे. ठेकेदार बाहेरचा, त्याला ती ठाऊक नाही. गावाला आहे, फक्त घाईत विसर पडलाय.


माहेर_सत्तरी

सगळ्यांचे मनापासून आभार. रिवणकर, तुमची काळजीही खरी आहे, ती मी डोक्यात ठेवलीय.

काल चुलत्यांशी बोलले. भिंतीची रेघ अलीकडे घ्यायला ते स्वतः अनुकूल आहेत. चिरे कमी लागतील हे त्यांनी लगेच धरलं. नार्व्याला जायचंही ठरलंय. दोन अडचणी मात्र त्यांनी काढल्या. एक, पालथा पडलेला दगड तसाच ठेवायचा का? गावात म्हणतात की पालथा वीर बरा नाही, तो उभा करायलाच हवा. दुसरी, बायका म्हणतात आता लक्ष गेलंच आहे तर सतीला तेल-कुंकू परत सुरू करू. मी स्वतः त्यांना नाही कशी म्हणू? आमच्या आजीचीच तर ती रीत.


जुना_आरेखक

पालथा दगड घाईने उलटू नका. कोरीव बाजू मातीत आहे म्हणजे ती कदाचित सगळ्यांत चांगली राखलेली असेल. ऊन-पावसापासून ती इतकी वर्षं झाकली गेलीय. आणि दगडात आतून तडा गेला असेल तर पहार लावल्यावर तो दोन तुकडे होऊन हातात येईल. खात्याच्या पत्रात हा दगड स्वतंत्र परिच्छेदात लिहा, "उचलण्यासाठी तज्ज्ञ पाठवावा" अशी विनंती करा. खात्याचं माणूस येईपर्यंत त्याच्याभोवती चार बांबू रोवून दोरी बांधा, म्हणजे कामाचा टेम्पो वरून जाणार नाही. कामाच्या दिवसांत बाकीच्या दगडांनाही तेच करा. पाया खणताना निघालेली माती त्यांच्यावर टाकली जाण्याचा धोका मला चोरीपेक्षा मोठा वाटतो. गावाला सांगा की वीर उभा राहणार आहे, फक्त जाणत्याच्या हाताने.

तेल-कुंकवाबद्दल: बायकांना नाही म्हणू नका. ज्या दगडाची पूजा होते तो दगड कोणी पायात घालत नाही आणि चोरायलाही माणूस कचरतो. राखणदार नेमायला पैसे नसलेल्या गावात हीच राखण. फक्त तेल दगडावर ओतू नये, त्यावर धूळ बसून काळा थर होतो आणि कोरीवकाम बुजतं. समोर एक सपाट चिरा ठेवा, पणती, तेल, कुंकू, नारळ सगळं त्या चिऱ्यावर. सतीच्या हाताला फुलं घालायची ती घाला, अबोलीने दगडाला काही होत नाही. सुकली की काढून टाका म्हणजे झालं.

नकाशा काढायला मी येतो. टेप माझ्याकडे तीस मीटरचा आहे, होकायंत्रही. दोनापावलच्या ताई येणार असतील तर एकाच दिवशी उरकू. रान कापून झाल्यावर कळवा, त्याआधी नको. गवतात दगडाचा पाया दिसत नाही आणि अंतर चुकतं.


माहेर_सत्तरी

रान कापायला भाऊ आणि त्याचे दोन मित्र तयार आहेत. कोयती दगडापासून वीतभर लांब ठेवायची, जवळचं गवत हाताने उपटायचं, असं बजावून ठेवलंय. बैठक रविवारी आहे. पत्राचा मसुदा मी उद्या इथे टाकते, गावाचं नाव आणि सर्व्हे नंबर वगळून. भाषा तपासून द्याल का, विशेषतः पालथ्या दगडाचा परिच्छेद?